सरकारी शिक्का नसलेली कात्री : अमेरिकेतील कॅथलिक चर्च आणि चित्रपटांची नैतिक प्रतवारी

गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये डिसेंबरातल्या एका ठरावीक रविवारी एक वेगळा विधी होत असे. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण ८ डिसेंबरला येतो. त्याच्या लगतच्या रविवारी मिस्सेच्या वेळी धर्मगुरू एक शपथ वाचत आणि जमलेली मंडळी उभी राहून ती त्यांच्यामागून म्हणत. शपथ सिनेमाविषयीची होती. अश्लील आणि अनीतिमान चित्रपटांचा मी धिक्कार करतो, ते पाहणार नाही आणि असे चित्रपट दाखवणे हेच ज्यांचे धोरण आहे त्या थिएटरांत पाऊल ठेवणार नाही, असा तिचा आशय. कोणता चित्रपट चांगला आणि कोणता वाईट, हे ठरवण्याची जबाबदारी शपथ घेणाऱ्यावर नव्हती. त्यासाठी यादी होती. कॅथलिक साप्ताहिकांत ती छापून येई, चर्चच्या दाराशी फलकावर लागे.

ही यादी काढणाऱ्या संस्थेचे नाव ‘नॅशनल लीजन ऑफ डीसेन्सी’, म्हणजे शालीनतेची राष्ट्रीय सेना. तिच्याकडे सरकारी अधिकार नव्हता. ती एकाही माणसाला दंड करू शकत नव्हती किंवा एकाही थिएटरला टाळे लावू शकत नव्हती. तरीही १९३४ पासून जवळजवळ तीस वर्षे हॉलिवूडमधल्या बलाढ्य कंपन्या तिच्या एका अक्षराला घाबरत होत्या.

आपल्याकडे सेन्सॉर म्हटले की सरकारी मंडळ, प्रमाणपत्र आणि न्यायालय असे चित्र डोळ्यांपुढे येते. लीजनचा इतिहास त्या चित्रात बसत नाही, म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. मी चित्रपटशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून फिल्म सोसायटीत सिनेमे पाहत आणि मिळतील ती पुस्तके वाचत या विषयापर्यंत पोहोचलो. मी कॅथलिकही नाही. एखाद्या धर्मसंस्थेला उघडे पाडण्याचा या लेखाचा हेतू नाही. समाजातला एखादा गट ‘हे पाहू नका’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या हक्काची हद्द कुठे संपते, हा माझा प्रश्न आहे.

निव्वळ धंदा

या गोष्टीची मुळे १९१५ सालच्या एका निकालात आहेत. ओहायो राज्याच्या सेन्सॉर मंडळाविरुद्ध म्युच्युअल फिल्म कॉर्पोरेशन ही कंपनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, वृत्तपत्राला मिळते ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळणार नाही, असा एकमुखी निर्णय न्यायालयाने दिला. त्यामुळे राज्याराज्यांतली, शहराशहरांतली सेन्सॉर मंडळे निर्धास्त झाली. एकाच चित्रपटाचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या गावी कापले जाऊ लागले.

निर्मात्यांना ही डोकेदुखी होती. १९२२ साली त्यांनी आपली संघटना काढली आणि विल हेज यांना तिच्या प्रमुखपदी बसवले. हेज हे माजी पोस्टमास्टर जनरल आणि प्रेस्बिटेरियन पंथातले वजनदार गृहस्थ होते. सरकारने हात घालण्यापूर्वी आपणच आपले घर आवरतो आहोत, असे दाखवणे हे त्यांचे काम. १९२७ साली त्यांनी ‘काय टाळावे आणि कशाची काळजी घ्यावी’ अशी एक यादी केली, पण ती कोणी फारशी मनावर घेतली नाही.

१९३० साली जी आचारसंहिता आली ती मात्र वेगळ्या घडणीची होती. तिच्यामागे दोन कॅथलिक माणसे होती. एक होते मार्टिन क्विग्ली, चित्रपट व्यवसायाच्या वृत्तपत्रांचे प्रकाशक. दुसरे फादर डॅनिएल लॉर्ड, जेझुइट धर्मगुरू आणि लेखक. सेसिल बी. डमिलच्या येशूवरील मूकपटाला सल्लागार म्हणून त्यांनी काम केलेले होते. लॉर्ड यांनी नुसती मनाईची यादी दिली नाही, तिच्यामागे तत्त्वज्ञान उभे केले. पुस्तक वाचणारा एकटा असतो आणि निवडून वाचतो. सिनेमा मात्र लहानथोर, शहाणे-अडाणी अशा सर्वांसमोर एकाच वेळी उभा राहतो आणि डोळ्यांतून थेट मनात उतरतो. म्हणून त्याची नैतिक जबाबदारी पुस्तकापेक्षा जास्त. प्रेक्षकाची सहानुभूती कधीही पापाच्या बाजूला झुकता कामा नये, हे त्यांचे मुख्य सूत्र. या युक्तिवादाला मी हसत नाही. आजही लहान मुलांच्या हातातल्या पडद्यांविषयी बोलताना आपण जवळजवळ हेच बोलतो. पण याच संहितेत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध दाखवायलाही मनाई होती. त्या काळाचा पूर्वग्रह नीतीचा वेष घालून आत शिरला होता.

कंपन्यांनी संहिता स्वीकारली आणि बाजूला ठेवली. बोलपट नुकता आला होता आणि पाठोपाठ महामंदी. १९३३ पर्यंत पॅरामाउंट आणि आरकेओ या कंपन्या दिवाळखोरीच्या कारवाईत सापडल्या. अशा वेळी प्रेक्षक खेचणारी गोष्ट सोडायला कोण तयार होणार? टोळीयुद्धाचे चित्रपट चालत होते, मे वेस्टचे द्वयर्थी संवाद चालत होते, मालकांना वश करून मजले चढणाऱ्या ‘बेबी फेस’च्या नायिकेवर टाळ्या पडत होत्या.

१९३४ चा उन्हाळा

चर्चचा संयम सुटला तो इथे. आपण लिहून दिलेली संहिता कंपन्यांनी स्वीकारली आणि वाऱ्यावर सोडली, ही भावना त्यामागे होती. १९३३ च्या ऑक्टोबरात पोपचे प्रतिनिधी आर्चबिशप चिकोन्यानी यांनी न्यूयॉर्कमधल्या भाषणात सिनेमाविरुद्ध संघटित मोहिमेची हाक दिली. पुढच्याच महिन्यात अमेरिकन बिशपांनी सिनसिनाटीचे आर्चबिशप मॅकनिकोलस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३४ च्या वसंतात लीजनची स्थापना झाली. काही महिन्यांत लाखो लोकांनी शपथपत्रांवर सह्या केल्या. प्रोटेस्टंट आणि ज्यू संघटनांनीही सुरुवातीला साथ दिली. फिलाडेल्फियाचे कार्डिनल डोअर्टी तर एक पाऊल पुढे गेले. आपल्या धर्मप्रांतातल्या कॅथलिकांनी कोणताच सिनेमा पाहू नये, पाहणे हे पाप समजले जाईल, असा आदेश त्यांनी काढला. थिएटरे ओस पडू लागली.

इथे आकड्यापेक्षा भूगोल महत्त्वाचा आहे. अमेरिकेत तेव्हा कॅथलिक सुमारे दोन कोटी, म्हणजे अल्पसंख्यच. पण ते शिकागो, न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया अशा मोठ्या शहरांत एकवटलेले होते आणि मोठ्या कंपन्यांची पहिल्या प्रदर्शनाची आलिशान थिएटरेही तिथेच होती. कर्जात बुडालेल्या धंद्याला ही शहरे गमावणे परवडणारे नव्हते.

जुलै १९३४ मध्ये हेज यांनी हात टेकले. संहितेच्या अंमलबजावणीसाठी नवे कार्यालय निघाले आणि त्याच्या प्रमुखपदी जोसेफ ब्रीन आले. ते फिलाडेल्फियाचे, जेझुइट संस्थेत शिकलेले कॅथलिक गृहस्थ. यापुढे त्यांच्या मोहरेशिवाय कोणत्याही सभासद कंपनीने चित्रपट प्रदर्शित करायचा नाही, केल्यास पंचवीस हजार डॉलर दंड, असे ठरले. ब्रीन यांच्या खासगी पत्रांत ज्यू निर्मात्यांविषयी अत्यंत विखारी मजकूर आहे, हेही नोंदवले पाहिजे. नीतीची राखण करणाऱ्या माणसाच्या मनात काय काय नांदत होते, ते त्यातून दिसते.

यानंतर चित्रपटाला दोन दारे ओलांडावी लागत. पहिले ब्रीन यांचे. ते पटकथेच्या पानापासून सुरू होई. दुसरे लीजनचे. ते तयार चित्रपटाच्या खेळाच्या वेळी उघडे. पहिले दार धंद्याने स्वतःच बांधले होते. दुसऱ्याच्या भीतीने ते बंद राहत होते.

२९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी ‘विजिलांती कुरा’ हे परिपत्रक काढले. खास चित्रपटांवर निघालेले हे पोपचे पहिलेच परिपत्रक. त्यात लीजनची स्तुती होती आणि प्रत्येक देशातल्या बिशपांनी अशी प्रतवारी करणारी कार्यालये काढावीत, असा आग्रह होता.

यादी कशी बनत असे

सुरुवातीला वेगवेगळ्या शहरांच्या वेगवेगळ्या याद्या निघत आणि गोंधळ होई. १९३६ पासून न्यूयॉर्कची यादी देशभर प्रमाण झाली. ती ठरवण्यात मोठा वाटा स्त्रियांचा होता, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. कॅथलिक महाविद्यालयांत शिकलेल्या स्त्रियांची एक संघटना होती. तिच्या चित्रपट विभागाच्या प्रमुख मेरी लूरम यांच्या देखरेखीखाली या स्वयंसेविका प्रदर्शनापूर्वी चित्रपट पाहत आणि आपले मत लेखी देत. अवघड प्रसंगी धर्मगुरूंचा आणि इतर सल्लागारांचा शब्द घेतला जाई.

प्रतवारी चार अक्षरांत बसत होती. ‘ए-एक’ म्हणजे सर्वांसाठी निर्धोक. ‘ए-दोन’ प्रौढांसाठी. ‘बी’ म्हणजे अंशतः आक्षेपार्ह. आणि ‘सी’ म्हणजे धिक्कारलेला, निषिद्ध. ही प्रतवारी कलेची नव्हती. ‘ए-एक’ मिळालेला चित्रपट कंटाळवाणा असू शकत होता आणि ‘बी’ मिळालेला उत्कृष्ट. लीजनने हे कधी लपवले नाही. आमचा संबंध फक्त नीतीशी, असे तिचे म्हणणे होते.

पण नीतीचा काटा कुठे टेकवायचा? ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ हा १९४७ चा चित्रपट घ्या. सांताक्लॉजवरची ही गोड गोष्ट अमेरिकन कुटुंबे आजही नाताळात मुलाबाळांसह पाहतात. लीजनने तिला ‘बी’ दिले, कारण नायिका घटस्फोटित आई होती आणि चित्रपट तिच्याकडे सहानुभूतीने पाहत होता. चर्चच्या शिकवणुकीनुसार हे सुसंगतच होते. गडबड ही की ती शिकवण मान्य नसलेल्या कोट्यवधी लोकांच्या सिनेमावरही याच काट्याची सावली पडत होती.

‘बी’ मिळाले तरी धंदा चालत असे. ‘सी’ मिळाले की बहुतेक मोठी थिएटरे दार बंद करत. म्हणून मोठ्या कंपनीच्या चित्रपटाला ‘सी’ लागण्याचा प्रसंग विरळा. तो लागणार असे दिसताच कंपनीची माणसे न्यूयॉर्कला धाव घेत आणि काय कापले म्हणजे ‘बी’ मिळेल, याची बोलणी सुरू होत. लीजन म्हणे, आम्ही कात्री चालवत नाही. शब्दशः ते खरेच होते. कात्री निर्मात्याच्या हातात असे.

तीन चित्रपट

या बोलण्यांतून काय निपजे, हे तीन उदाहरणांवरून कळेल.

१९४१ चा ‘टू-फेस्ड वुमन’. ग्रेटा गार्बो यात नवऱ्याला पुन्हा आपल्याकडे ओढण्यासाठी स्वतःचीच जुळी बहीण असल्याचे सोंग घेते. नवरा त्या ‘बहिणी’च्या नादी लागतो. लीजनने ‘सी’ दिले, कारण बायकोची बहीण समजून तो तिच्यामागे लागतो, म्हणजे मनाने व्यभिचारच. एमजीएम कंपनीने चित्रपट मागे घेतला आणि त्यात एक दृश्य घुसवले. नवरा फोनवर चौकशी करतो आणि ही आपली बायकोच आहे, हे त्याला सुरुवातीलाच कळते. व्यभिचार गेला, त्याबरोबर गोष्टीतली गंमतही गेली. चित्रपट पडला. गार्बोचा तो शेवटचा चित्रपट ठरला.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. रूमर गॉडन यांच्या कादंबरीवरून मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांनी १९४७ साली ‘ब्लॅक नार्सिसस’ काढला. दार्जिलिंगच्या परिसरात, हिमालयातल्या एका जुन्या राजवाड्यात मठ चालवायला गेलेल्या जोगिणींची ही कथा. भारतात घडणारी, पण चित्रीकरण इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत झालेले आणि राजपुत्राच्या भूमिकेत आपल्या म्हैसूरचा साबू. यातल्या जोगिणी अँग्लिकन आहेत, कॅथलिक नाहीत. तरीही लीजनने तो धिक्कारला. मुख्य जोगिणीला मठात येण्यापूर्वीचे आपले आयुष्य, आपले फसलेले प्रेम आठवते, ती दृश्ये अमेरिकन प्रतीतून काढल्यावर बंदी उठली. त्या आठवणींवरच चित्रपटाचा डोलारा उभा होता. घरदार सोडून आलेल्या बाईला मागचे आयुष्य आठवणे, हे अश्लील कसे? पण जोगिणीच्या मनात अशी उलघाल असते, हेच प्रेक्षकाला दिसू नये, असे वाटणारे लोक त्या टेबलाशी बसले होते.

तिसरे उदाहरण १९५१ च्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चे. टेनेसी विल्यम्स यांच्या नाटकावर एलिया कझानने हा चित्रपट केला. ब्रीन यांच्या कार्यालयाशी झगडून, तडजोडी करून मोहोर मिळवली. मग लीजन ‘सी’ देणार, असा निरोप आला. वॉर्नर कंपनीने मार्टिन क्विग्ली यांना मध्ये घालून बोलणी केली आणि कझानला न सांगता सुमारे चार मिनिटांचा भाग कापला. कुठे एखादे वाक्य, कुठे एखादा चेहरा जवळून दाखवणारे चित्र, जिना उतरणाऱ्या स्टेलाच्या दृश्यामागचे संगीतही बदलले. कझानला कळले तेव्हा उशीर झाला होता. त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सगळा प्रकार चव्हाट्यावर मांडला. त्याचे म्हणणे साधे होते. ज्यांच्याशी मी कधी बोललो नाही, ज्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही, अशा लोकांनी माझा चित्रपट बदलला. कापलेली ती मिनिटे प्रेक्षकांसमोर पुन्हा आली १९९३ साली, म्हणजे चार दशकांनंतर.

या तिन्ही चित्रपटांतले हे बदल कोणत्याही सरकारी आदेशाने झाले नव्हते. त्यामुळे न्यायालयात जाऊन दाद मागायची, तर कोणाविरुद्ध?

‘द मिरॅकल’

न्यायालयाचे दार उघडले ते चर्चने स्वतःच्या यादीवर समाधान न मानता सरकारचा हात धरला तेव्हा.

रोबेर्तो रोसेलिनीने १९४८ साली ‘द मिरॅकल’ हा छोटा चित्रपट केला. शेळ्या राखणारी एक भोळसट, गरीब बाई एका वाटसरूला संत जोसेफ समजते. तो तिला दारू पाजतो आणि पुढे तिला दिवस जातात. हे देवाचेच देणे आहे, अशी तिची श्रद्धा. गाव तिची टिंगल करते, तिला हाकलते आणि ती एकटीच चर्चच्या आडोशाला बाळंत होते. बाईच्या भूमिकेत आना मान्यानी आणि वाटसरूच्या भूमिकेत फेदेरिको फेलिनी. ही श्रद्धेची टवाळी आहे की निष्पाप श्रद्धेला पायदळी तुडवणाऱ्या गावावरचे भाष्य? खुद्द इटलीत चर्चच्या चित्रपट केंद्राने नापसंती दाखवली, पण तिथे बंदी आली नाही.

अमेरिकेत वितरक जोसेफ बर्स्टिन यांनी तो इतर दोन लघुपटांबरोबर डिसेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरमध्ये लावला. राज्याच्या सेन्सॉरचा परवाना त्यांच्याजवळ होता. लीजनने ‘सी’ दिले. शहराच्या परवाना आयुक्तांनी खेळ थांबवण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना तसा अधिकारच नाही, असे न्यायालयाने सांगितले. मग ७ जानेवारी १९५१ रोजी न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांचे निषेधपत्र शहरातल्या चर्चांतून वाचले गेले. त्यांनी स्वतः चित्रपट पाहिलेला नव्हता. थिएटरपुढे निदर्शकांच्या रांगा लागल्या, बॉम्बच्या धमक्या आल्या. सगळे कॅथलिक यात सामील होते, असे मात्र नाही. ‘कॉमनवील’ या कॅथलिक नियतकालिकात या मोहिमेवर कडक टीका झाली. अखेर फेब्रुवारीत राज्याच्या शिक्षण मंडळाने चित्रपट ‘धर्मविटंबक’ ठरवून परवाना रद्द केला.

आता बर्स्टिन यांच्यासमोर प्रतिवादी उभा होता. मोठ्या कंपन्यांची संघटना त्यांच्या मदतीला आली नाही. पोलंडमधून आलेला हा छोटा वितरक स्वतःच्या बळावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २६ मे १९५२ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. चित्रपट हे विचार पोहोचवण्याचे महत्त्वाचे माध्यम आहे, ते पैशासाठी दाखवले जाते म्हणून त्याचे स्वातंत्र्य कमी होत नाही, आणि एखाद्या धर्माला न रुचणाऱ्या मतांपासून त्या धर्माचे रक्षण करणे हे राज्याचे काम नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. ‘धर्मविटंबना’ या शब्दाचा अर्थ किती निसरडा आहे, हे दाखवण्यासाठी न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात जुनेनवे शब्दकोश धुंडाळले. सदतीस वर्षांपूर्वीचा ‘निव्वळ धंदा’ हा शेरा पुसला गेला.

चर्चच्या मोहिमेतूनच सिनेमाला स्वातंत्र्याचा दाखला मिळाला. पण या निकालाने लीजनचे काही बिघडवले नाही. निकाल सरकारला बांधील होता. लीजन ही नागरिकांची खासगी संघटना होती आणि तिचे बोलणे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यच होते.

उतरण

लीजनचा दरारा ओसरला तो इतर कारणांनी. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने मोठ्या कंपन्यांना आपली थिएटरे सोडून द्यावी लागली. मोहोर नसलेला चित्रपट लावायला मोकळे मालक मिळू लागले. टेलिव्हिजनने कुटुंबे घरी बसवली आणि थिएटरला प्रौढ प्रेक्षकाचा विचार करणे भाग पडले. १९५३ साली ऑटो प्रेमिंजरने ‘द मून इज ब्लू’ मोहरेविना आणि ‘सी’ घेऊन लावला. त्यातला मोठा गुन्हा म्हणजे ‘कुमारिका’सारखे शब्द मोकळेपणी उच्चारणे. चित्रपटाने पैसा केला. १९५६ साली स्पेलमन यांनी सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या व्यासपीठावरून ‘बेबी डॉल’चा धिक्कार केला, तेव्हा त्याच शहरातल्या एपिस्कोपल पंथाच्या एका प्रमुख धर्मगुरूंनी त्यांना जाहीर उत्तर दिले.

बदल आतूनही होत होता. जॉन कोर्टनी मरे या जेझुइट विचारवंतांनी पन्नाशीच्या दशकात मांडले की, बहुधर्मी समाजात कोणताही गट आपल्या सभासदांपुरते नियम करू शकतो, पण दबावाने ते इतरांवर लादू शकत नाही. महाविद्यालयात शिकलेली कॅथलिकांची नवी पिढी यादी पाहून सिनेमाला जाईनाशी झाली. १९५७ साली लीजनने प्रौढांसाठी ‘ए-तीन’ हा वर्ग काढला, पुढे ‘ए-चार’ आला. फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’ला धिक्कारण्याऐवजी वेगळ्या वर्गात ठेवले गेले. जुनी सवय मात्र एकदम सुटली नाही. नाझी छळछावणीतून वाचलेल्या ज्यू माणसाची वेदना दाखवणाऱ्या ‘द पॉनब्रोकर’ला नग्नतेच्या एका दृश्यावरून ‘सी’ मिळाले, तेही १९६५ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थेने ‘लीजन’ हे नाव टाकले आणि साधे ‘कॅथलिक चित्रपट कार्यालय’ झाले. पुढच्या वर्षी शिव्यांनी भरलेल्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ’ला या कार्यालयाने ‘ए-चार’ दिले. १ नोव्हेंबर १९६८ पासून हॉलिवूडने जुनी संहिता सोडून वयानुसार प्रतवारी आणली. ‘करू नका’ची जागा ‘कोणी पाहावे’ या प्रश्नाने घेतली.

तीन वर्तुळे

मागे वळून पाहताना लीजनच्या कामाची मला तीन वर्तुळे दिसतात. पहिले, आपल्या माणसांना ‘हे पाहू नका’ असे सांगणे. हा कोणत्याही धर्माचा, पक्षाचा, आईबापांचा हक्क आहे. तिसरे, सरकारच्या हाताने दुसऱ्याचेही पाहणे बंद पाडणे. ते चूक आहे, हे ‘मिरॅकल’ खटल्याने सांगितले. अवघड आहे ते मधले वर्तुळ, निर्मात्यावर बहिष्काराचे दडपण आणून कलाकृती बदलायला लावणे. बहिष्कार हे तर दुर्बळांचेही शस्त्र आहे, आपल्या स्वातंत्र्यलढ्याने ते वापरले. म्हणून त्याला सरसकट वाईट म्हणता येत नाही.

माझ्या मते या मधल्या वर्तुळातला खरा दोष दडपणापेक्षा गुप्ततेचा आहे. विदेशी कापडाची होळी चौकात होत होती. ‘स्ट्रीटकार’ची चार मिनिटे बंद खोलीत गेली. ‘सी’ मिळालेला चित्रपट निदान लोकांना माहीत तरी होता, ज्याला पाहायचा तो शोधून पाहत असे. ‘बी’ मिळवण्यासाठी कापलेला चित्रपट मात्र अखंड असल्याच्या थाटात सगळ्यांना दाखवला गेला. कॅथलिक नसलेल्या, शपथ न घेतलेल्या प्रेक्षकानेही तोच पाहिला, आणि आपण काय पाहिले नाही हे त्याला कळले नाही. बंदीशी भांडता येते. जे गेले आहे याचाच पत्ता नाही, त्याच्यासाठी भांडणार कसे?

आपला याच्याशी संबंध आहे. बर्स्टिन यांचा निकाल लागला त्याच १९५२ साली आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा आला. पुढे ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या लघुपटासाठी पूर्वसेन्सॉरशिपलाच आव्हान दिले, तेव्हा १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या न्यायालयाने अमेरिकेतल्या या निकालांचीही चर्चा केली, पण पूर्वपरीक्षण कायम ठेवले. म्हणजे आपल्याकडे तिसरे वर्तुळ कायदेशीर आहे. त्याची निदान नोंद राहते, अपील करता येते. त्याच्या बाहेर, कोणाच्या तरी भावना दुखावतील म्हणून निर्मात्याने स्वतःच्या हाताने गाळलेले संवाद, बदललेली नावे यांची नोंद कुठे राहते?

१९९५ साली सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ श्रेष्ठ चित्रपटांची यादी जाहीर केली. तिच्यात ‘गांधी’ आहे. रोसेलिनीचे चित्रपट आहेत, फेलिनीचे आहेत. आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’ही आहे. हा चित्रपट अमेरिकेत आणला होता तो याच बर्स्टिन यांनी. त्यातला लहान मुलगा भिंतीशी लघवीला उभा राहतो आणि चोराचा पाठलाग कुंटणखान्यात शिरतो, ती दोन दृश्ये कापा, असे ब्रीन यांचे म्हणणे होते. बर्स्टिन यांनी नकार दिला आणि मोहरेविना तो दाखवला. लीजनने ‘बी’ दिले. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात आपल्या लोकांनी तो पाहिला आणि बिमल रॉय यांना त्यातून ‘दो बिघा जमीन’ची दिशा सापडली.

चर्चचे मत बदलले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जिवंत संस्थांचे मत बदलतेच. पण मत बदलण्यासाठी मूळ कृती शिल्लक असावी लागते. बर्स्टिन यांनी ती दोन दृश्ये राखली. म्हणून पंचेचाळीस वर्षांनी व्हॅटिकनला त्या चित्रपटाकडे नव्या नजरेने पाहता आले.